परदेशवारीचे कागद : सोलापुरातून निघण्यापूर्वी काय, कुठे आणि का तपासलं जातं

बालीला निघालेल्या प्रवाशाचा पासपोर्ट मुंबईच्या काउंटरवर उघडला जातो, तेव्हा फोटोच्या आधी मुदत संपण्याची तारीख पाहिली जाते. इंडोनेशियात उतरण्याच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. पाच महिने पंचवीस दिवस उरले असतील, तर बोर्डिंग पास मिळत नाही. रात्रभर सिद्धेश्वर एक्सप्रेसने आलेलं कुटुंब बॅगांसकट माघारी फिरतं आणि तिकीट, हॉटेल, सगळ्यावर पाणी सोडावं लागतं. तिथे हातापाया पडून काही होत नाही. नियमात न बसणारा प्रवासी नेला, तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला स्वतःच्या खर्चाने परत आणावं लागतं. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी 'टिमॅटिक' या संगणकीय प्रणालीत तुमचा देश, जायचा देश आणि पासपोर्टची मुदत टाकतो. तिथे 'नाही' आलं की विषय संपला.

पर्यटक म्हणून परदेशी जाताना तुमचे कागद तीन वेगवेगळे लोक तपासतात आणि तिघांचा प्रश्न वेगळा असतो. व्हिसा देणारा अधिकारी विचारतो, हा माणूस फिरून परत येईल का आणि खर्च कोण करणार? विमान कंपनी विचारते, पलीकडे याला उतरू देतील का? आणि पलीकडचा इमिग्रेशन अधिकारी विचारतो, हा जे सांगतोय ते कागदांशी जुळतं का? मध्ये आपल्याकडची इमिग्रेशनची खिडकीही असतेच. या सगळ्यांना एकच गोष्ट खटकते : एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच. कागद कमी असल्यापेक्षा कागदांचा आपसात मेळ नसल्यामुळे जास्त घोळ होतात.

सुरुवात पासपोर्टच्या पहिल्या पानापासून

सोलापुरात पासपोर्टसाठी पुण्याला जाण्याची गरज उरलेली नाही. पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र इथेच आहे, ते पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. अर्ज आणि अपॉइंटमेंट ऑनलाइन, कागद आणि बोटांचे ठसे केंद्रावर, नंतर पोलीस पडताळणी. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळमध्ये ३५००. मुदत दहा वर्षं. अठरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतचा. घरात मोठ्यांचे पासपोर्ट चालू असतात आणि नेमका मुलाचा संपलेला असतो, तो याच फरकामुळे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो, हेही लक्षात ठेवा.

आता फोटोच्या पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळी पाहा. एकेका ओळीत ४४ चिन्हं असतात. पहिल्या ओळीत 'पी', मग देशाची तीन अक्षरं, लगेच आडनाव, त्यानंतर कोनासारख्या दोन खुणा आणि पुढे नाव. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदत संपण्याची तारीख. विमानतळावरचं यंत्र हीच पट्टी वाचतं. त्यामुळे तिकीट काढताना आणि व्हिसाचा अर्ज भरताना तुमचं नाव म्हणजे या पट्टीत आहे ते. आधारवरचं नाही, घरी वापरतो ते तर नाहीच.

आपल्याकडे नावाचा गोंधळ होतो तो आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीमुळे. 'सुनीता रमेश जाधव' हे नाव पासपोर्टवर दोन खान्यांत विभागलेलं असतं : आडनावाच्या खान्यात जाधव, नावाच्या खान्यात सुनीता रमेश. ऑनलाइन तिकिटावर पहिल्या चौकटीत 'सुनीता रमेश' असं पूर्ण लिहायचं. लग्नानंतर नाव बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचाच आहे, तर तिकीटही माहेरच्याच नावाने काढायचं. नवऱ्याचं आडनाव लावून काढलेलं तिकीट अडचणीत आणतं. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं शेजारी शेजारी आहेत आणि प्रत्येकाची नाव लिहिण्याची रीत वेगळी. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा खाना रिकामाच असतो, पूर्ण नाव एकाच शब्दाचं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा एकशब्दी नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश बंद केला. दुबईचं ठरवत असाल आणि आडनावाची जागा कोरी असेल, तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, मग बाकीचं.

दहावीचं सर्टिफिकेट न जोडता काढलेल्या काही पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा असतो. हा शेरा काही ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे. फिरायला जाणाऱ्याला त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागत नाही; व्हिसा आणि परतीचं तिकीट मात्र जवळ हवं. आखाती देशांकडे निघालेल्या अशा प्रवाशाला आपल्याकडच्या खिडकीवर दोन प्रश्न जास्त विचारले जातात, तेवढी तयारी ठेवा. विडी कारखान्यात किंवा मागावर आयुष्य गेलेल्या ज्येष्ठांकडे शाळेचा कागद नसतो, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना या अटीतून सूट आहे.

पासपोर्टला स्टेपलर मारणं, पान फाटणं, पावसात भिजून शाई पसरणं, मुलाने पेनने रेघोट्या ओढणं, यांतलं काहीही झालं असेल तर नवा काढा. जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टमध्ये चालू व्हिसा असेल, तर तो जपून ठेवा. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पुस्तिकेत असला तरी चालतो, फक्त दोन्ही पासपोर्ट सोबत न्यायचे.

'व्हिसा फ्री' म्हणजे कागदांतून सुटका नव्हे

नेपाळ आणि भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण ओळखीचा ठरावीक कागद लागतो : पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. नेपाळसाठी आधार फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या व्यक्तींना चालतं. मधल्या वयाचा माणूस केवळ आधार घेऊन गेला, तर विमानात बसू देत नाहीत. भूतानमध्ये भारतीयांकडून माणशी दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतात. सहलीच्या बजेटमध्ये ते बऱ्याचदा धरलेलंच नसतं.

त्यानंतर येतात थायलंड, मलेशियासारखे व्हिसा माफ केलेले देश. इथे दोन गोष्टी सांगायच्या. एक, हे नियम फार लवकर बदलतात. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ करून ३० दिवस दिले, जुलै २०२४ मध्ये त्याचे ६० केले. आठ-नऊ महिन्यांत एका देशाचा नियम दोनदा बदलला. त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांनी सांगितलेलं ऐकून घ्या, पण तिकीट काढायच्या आठवड्यात त्या देशाच्या दूतावासाचं पान स्वतः वाचा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा. दोन, व्हिसा नसला तरी आगमनाचा ऑनलाइन फॉर्म असतो. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. मलेशिया आणि सिंगापूर यांचंही तसंच कार्ड आहे. तिन्ही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची आणि तिन्ही फुकट आहेत. सिंगापूरसाठी मात्र हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. तिथला व्हिसा अधिकृत एजंटामार्फत वेगळा काढावाच लागतो. ही दोन नावं लोक एकच समजतात आणि फसतात.

फुकटच्या या फॉर्मसाठी पैसे घेणाऱ्या हुबेहूब वेबसाइटचा सुळसुळाट आहे. गूगलवर शोधलं की सगळ्यात वर जाहिरात म्हणून बऱ्याचदा त्याच दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे : संकेतस्थळाच्या पत्त्याचं शेपूट वाचा. सिंगापूर, मलेशिया, व्हिएतनाम यांच्या सरकारी पत्त्यात शेवटी 'गव्ह' आणि देशाची दोन अक्षरं असतात. थायलंड, इंडोनेशियाच्या पत्त्यात 'गो' आणि देशाची दोन अक्षरं. शेवटी 'कॉम' किंवा 'ऑर्ग' दिसलं आणि मोफत फॉर्मचे पैसे मागितले, की पान बंद करा.

ई-व्हिसात, म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या व्हिसात, अर्ज तुम्हीच भरता, म्हणून चुकाही तुमच्याच असतात आणि त्या विमानतळावर उघड होतात. व्हिएतनामचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ पासून तिथला ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो; एकदाच प्रवेशाचा २५ डॉलरला, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलरला. अर्जात प्रवेशाची तारीख द्यावी लागते आणि त्या तारखेच्या आधी आत घेत नाहीत. रात्रीच्या विमानांत निघण्याची आणि पोहोचण्याची तारीख वेगळी असते. अर्जात पोहोचण्याची लिहायची. दुसरी नेहमीची चूक पासपोर्ट क्रमांकाची. आपल्या साध्या पासपोर्टवर सहसा एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात अंक असतात, म्हणजे पुढे दिसणारं गोल चिन्ह हे शून्य असतं, 'ओ' नव्हे. अर्ज पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला पासपोर्ट मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही स्क्रीनवर ताळा करा. पाच मिनिटं लागतात, पण चुकलेला क्रमांक काउंटरवरच हाती लागण्यापेक्षा ते परवडतं.

शेंगेन : जिथे कागदांचा खरा कस लागतो

युरोपातले २९ देश शेंगेन गटात आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. एक व्हिसा या सगळ्यांत चालतो, पण अर्ज कुठल्याही देशाकडे करता येत नाही. जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील, तर जिथे प्रथम उतरणार तिथे. 'अमुक देशाचा व्हिसा पटकन मिळतो' म्हणून तिकडे अर्ज करायचा आणि मुक्काम दुसरीकडेच, हे अधिकाऱ्याला हॉटेलच्या बुकिंगवरून एका नजरेत कळतं.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, चौकशी लागली तर ४५ पर्यंत जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम. मे महिन्यात जायचं, तर फेब्रुवारीत अर्ज आत गेलेला असावा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मी, त्याहून लहानांना नाही. शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. दूतावासांच्या वतीने अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस या कंपनीचं केंद्र पुण्यात आहे, काही देशांसाठी मुंबई गाठावी लागते. हैदराबादचं विमानतळ आपल्याला मुंबईपेक्षा जवळ पडतं, पण महाराष्ट्रातल्या रहिवाशांचे अर्ज अनेक युरोपीय देश मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे देतात; विमान हैदराबादहून घ्या, पण अर्जाचं केंद्र पत्त्यानुसारच ठरवा. एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात. केंद्रातले लोक फक्त कागद गोळा करून पुढे पाठवतात. व्हिसा द्यायचा की नाही हे त्यांच्या हातात नसतं, त्यामुळे तिथे कुणी 'करून देतो' म्हणालं, तर विश्वास ठेवू नका.

विमा किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आणि उतरण्याच्या दिवसापासून निघण्याच्या दिवसापर्यंतचा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने मुदत उरलेला, दोन पानं कोरी. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत 'पासपोर्ट साइज' म्हटलं की वेगळ्याच मापाचा हातात पडतो, म्हणून माप लिहून न्या. अमेरिकेसाठी दोन इंच बाय दोन इंच आणि चष्म्याशिवाय.

आता पैशाचे कागद. सोलापूरकरांचे अर्ज बऱ्याचदा इथेच अडखळतात, कारण आपल्याकडचं उत्पन्न दरमहा एका तारखेला येणाऱ्या पगारासारखं नसतं. अधिकाऱ्याला तीन ते सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट लागतं आणि तो शेवटच्या आकड्यापेक्षा त्याआधीची चढउतार जास्त पाहतो. समजा, माळशिरस किंवा मोहोळ भागातला ऊस उत्पादक आहे. वर्षभर खात्यात चाळीस-पन्नास हजार आणि अचानक एका दिवशी साडेसहा लाख जमा. दूतावासातल्या माणसाला हे दाखवण्यापुरते उसने घेतलेले पैसे वाटतात. त्याला कारखान्याचं बिल माहीत नाही. म्हणून त्या नोंदीसमोर कारखान्याची ऊसबिलाची पावती लावा, सातबारा लावा, आणि सोबतच्या पत्रात दोन ओळी लिहा : मी ऊस पिकवतो, पैसे हंगामानंतर एकरकमी मिळतात, मागच्या वर्षीची अशीच जमा सोबतच्या स्टेटमेंटमध्ये आहे. डाळिंब-द्राक्षवाल्यांनी व्यापाऱ्याची किंवा बाजार समितीची पट्टी लावावी. एफडी मोडली असेल, तर ती मोडल्याची बँकेची पावती. मोठी जमा हा गुन्हा नाही. तिचं कारण सांगितलं नाही, की संशय येतो.

सातबारा, लग्नाचा दाखला, फेरफार असे मराठी कागद इंग्रजी भाषांतराशिवाय लावून उपयोग नाही, आणि भाषांतर प्रमाणित हवं. यंत्रमाग किंवा चादर-टॉवेलचा धंदा असेल, तर उद्यम नोंदणी, जीएसटीचे विवरण, गुमास्ता परवाना आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. नोकरी असेल, तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, त्यात कामावर परत रुजू होण्याची तारीख हवीच. निवृत्तांनी पेन्शनची स्लिप द्यावी. पतसंस्थेतली ठेव जोडायला हरकत नाही, पण मुख्य आधार बँकेचं खातं असू द्या. सहकारी बँकेचं पासबुक झेरॉक्स करून देऊ नका. लेटरहेडवर छापलेलं, शिक्का आणि सही असलेलं स्टेटमेंट मागून घ्या.

मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल आणि आई-बाबांना बोलावत असेल, तर खर्च कोण करणार हे एकदाच, स्पष्ट ठरवा. निमंत्रणपत्रात 'सगळा खर्च मी करतो' आणि वडिलांच्या पत्रात 'खर्च मी स्वतः करणार' असं लिहून अर्ज गेलेले आहेत. दोघांचं खरं असेलही, पण अधिकाऱ्याला त्यातलं कुठलं धरावं ते कळत नाही. नातवाला आजी-आजोबा एकटे घेऊन जात असतील, तर आई-वडील दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला सोबत हवा. एक पालक नेत असेल, तर दुसऱ्याची संमती.

तिकीट आधी काढावं का? व्हिसा मिळण्याआधी पूर्ण पैसे भरून काढू नये. ते कुणी मागतही नाही. आरक्षण पुरतं, हॉटेल विनाशुल्क रद्द करता येईल असं घ्या. पण खोटं बनवलेलं तिकीट किंवा संगणकावर आकडे बदललेलं बँक स्टेटमेंट लावू नका, कुणी एजंट 'सगळे असंच करतात' म्हणाला तरी. बुकिंग क्रमांक तपासायला मिनिट लागत नाही. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक सापडली, तर दहा वर्षं बंदी येते, आणि ती तुमच्या नावावर येते, एजंटाच्या नाही. अर्जावर सही तुमची असते. एजंटाने भरलेला अर्ज पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका, आधी कुठे व्हिसा नाकारला गेला असेल तर तो लपवू नका. नकार मिळालेला माणूस पुढे व्हिसा मिळवू शकतो; लपवलेला नकार उघडा पडला, की ते फार अवघड होतं.

नकाराचं पत्र आलं की लगेच दुसऱ्या दिवशी तेच कागद पुन्हा देऊ नका. शेंगेनच्या छापील पत्रावर कारणांसमोर खूण केलेली असते : प्रवासाचा हेतू पटला नाही, खर्चाची सोय दिसली नाही, परत जाण्याबद्दल शंका वाटते. खूण जिथे आहे तिथला कागद सुधारा, बाकीचे तसेच राहू द्या.

अमेरिकेची रीत अगदी निराळी आहे. तिथे कागदांच्या गठ्ठ्यापेक्षा मुंबईच्या वाणिज्य दूतावासातली दोन-तीन मिनिटांची मुलाखत निर्णायक ठरते. त्यांचा कायदा, कलम २१४-ब, असं गृहीतच धरतो की समोरचा माणूस तिथे कायम राहायला निघालाय. तसं नाही, हे तुम्ही पटवून द्यायचं असतं. प्रश्न साधे असतात : का जाताय, कुठे राहणार, इथे काय करता. उत्तर पाठ करून जाऊ नका. अर्जात लिहिलंय तेच, छोट्या वाक्यात, खरं सांगा.

व्हिसाचा स्टिकर वाचायचा कसा

पासपोर्ट हातात आला की फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी स्टिकर वाचा. नाव आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे का? मग तीन गोष्टी : कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, किती वेळा.

समजा शेंगेनच्या स्टिकरवर १ मे ते ३० मे लिहिलंय आणि दिवस १५. लोक समजतात, ३० मेपर्यंत राहता येईल. तसं नाही. १ ते ३० ही फक्त चौकट. तिच्या आत तुम्हाला १५ दिवस मिळालेत. १० मेला उतरलात, तर २४ मेला बाहेर पडायचं, कारण उतरण्याचा आणि निघण्याचा दोन्ही दिवस मोजले जातात. प्रवेशाच्या जागी '१' असेल आणि मध्येच लंडनला जाऊन पॅरिसला परत यायचा बेत असेल, तर परत येता येणार नाही : ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, तिकडे पाऊल टाकलं की तुमचा एक प्रवेश संपला.

मुलीकडे वारंवार जाणाऱ्या आई-वडिलांना अनेकदा प्रवेशाचा, दोन वर्षांचा व्हिसाही मिळतो. तिथे ९०/१८० चा नियम लागू होतो : कुठल्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजा, त्यांत तुमचा मुक्काम ९० पेक्षा जास्त भरता कामा नये. १ मार्च ते २९ मे राहिलात, म्हणजे ३१, ३० आणि २९ मिळून बरोबर ९० झाले. आता पुन्हा कधी? २७ ऑगस्टला मागचे १८० दिवस मोजले, तर ते १ मार्चपासूनच सुरू होतात, म्हणजे ९० भरलेलेच. २८ ऑगस्टला १ मार्च गणतीतून गळतो आणि एक दिवस मोकळा होतो. त्या दिवशी पुन्हा आत जाता येतं. 'तीन महिने झाले, एक दिवस बाहेर जाऊन आलो की नवे तीन महिने' हा समज चुकीचा आहे. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने शिक्क्यांऐवजी संगणकावर ठसे आणि चेहऱ्याची नोंद सुरू केली, त्यामुळे दिवस आता यंत्रच मोजतं.

अमेरिकेच्या दहा वर्षांच्या व्हिसाचंही तसंच. दहा वर्षं म्हणजे त्या काळात येऊन दार ठोठावण्याची परवानगी. किती दिवस राहायचं ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो आणि ती तारीख 'आय-९४' नोंदीत दिसते. तीच पाळायची.

स्वस्त तिकिटाच्या मोहात मधल्या विमानतळाचा व्हिसा राहून जातो. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो. आणि दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास केलात, तर बॅग मध्येच घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागू शकते. त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे व्हिसा आलाच. एकाच तिकिटावर, बॅग थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत, अशी सोय थोडी महाग पडली तरी ज्येष्ठांसाठी तीच घ्या.

बॅगेतल्या गोष्टी

केनिया-टांझानियाच्या सफारीला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. पिवळं कार्ड मिळतं, ते आयुष्यभर चालतं. ते खरं लागतं परतताना : लस न घेता तिकडून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात, तर विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवू शकतात.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. दुबईकडे जाताना झोपेच्या, चिंतेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल, तर आधी परवानगी काढावी लागते. आणि खसखस नेऊ नका. आपल्याकडे ती मसाल्यात आणि अनारशांवर असते. अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत आहे. चिमूटभर असली तरी प्रकरण गंभीर होतं. घरचा मसाला नेणार असाल, तर त्यात खसखस आहे का ते करणाऱ्या बाईंनाच विचारा. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत घेत नाहीत, ते पेट घेऊ शकतं म्हणून.

युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, तूप घरीच ठेवा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी युरोपात सहसा अडत नाही. चटणी दुकानातली, सीलबंद, घटकांचं इंग्रजी लेबल असलेली न्या आणि मोठ्या बॅगेत ठेवा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाताना मात्र आगमनाच्या कार्डावर खाद्यपदार्थांसमोर 'होय' लिहायचंच. लिहून दाखवलं, तर फार तर पुडा काढून घेतील. न लिहिता सापडलं, तर जागेवर मोठा दंड होतो.

उतरल्यावरच्या खिडकीवर

हातातल्या फाइलमध्ये, फोनमध्ये नव्हे, परतीचं तिकीट, पहिल्या हॉटेलचा पत्ता, विमा आणि ज्याच्याकडे जाताय त्याचा फोन नंबर असू द्या. फोनची बॅटरी संपते, विमानतळाचं वायफाय लागत नाही. किती दिवस, कुठे राहणार, काय करता, एवढंच विचारतात. ग्रुप टूरमध्ये असलात, तरी हॉटेलचं नाव आणि शहर प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. 'टूर मॅनेजरला माहीत आहे' हे उत्तर चालत नाही. आईला इंग्रजी येत नसेल, तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीतून लिहून द्या : मुलीकडे आले आहे, इतके दिवस, हा पत्ता, हा फोन, या तारखेला परत. तो कागद पासपोर्टमध्ये घालून ठेवायला सांगा.

शिक्का मारून मिळत असेल, तर खिडकीवरून हलण्याआधी त्यावरची तारीख वाचा : आजची आहे का, आणि राहण्याची मुदत तुम्ही समजत होतात तेवढीच आहे का. चुकलेली असेल, तर ती तिथल्या तिथे दुरुस्त होते. दहा पावलं पुढे गेल्यावर त्याच दुरुस्तीसाठी दुसरं कार्यालय शोधावं लागतं.